सरावानंतरची चर्चा

तोतरेपणा, उशिरा फुटणारी वाचा, पक्षाघाताने हरवलेले शब्द, गिळण्याचा त्रास ह्यांवर उपचार करणारा तो वाचोपचारतज्ज्ञ. ह्या विद्येचे विद्यार्थी आता संगणकावरील कल्पित रुग्णावरही सराव करतात. तेथे चुकीने कोणास इजा होत नाही. अमेरिकेत २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रमाणपत्रासाठीच्या ४०० तासांपैकी ७५ तासांपर्यंत असा सराव चालतो. नंतरची चर्चा मात्र त्या तासांत धरली जात नाही. तरी खरे शिक्षण तेथेच होते, असे आम्हांस वाटते.

“रुग्णास ठसका लागला, तरी पुढचा घास का दिलात?” असे शिक्षक विचारतात आणि विद्यार्थी आपल्या विचाराचा माग काढतो. गुण चूक दाखवितात. चर्चा तिचे मूळ दाखविते. उत्तरपत्रिका हाती येताच आपणही हाच ‘का’ विचारावयास हवा.