धडक बंपरची, मार गुडघ्याला

प्रश्न : रंकाळ्यावर पहाटे फिरायला गेलेल्या माझ्या थोरल्या भावाला रस्ता ओलांडताना मोटारीनं ठोकरलं. गाडी फार वेगात नव्हती. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे असं सांगितलं. तरी गुडघा टम्म सुजलाय आणि पाय टेकला की आतल्या अंगाला कलंडतो. हाड मोडलं नाही तर मग मोडलं काय? अशा धडकेत दरवेळी गुडघाच का सापडतो? भाऊ म्हणतो, गाडी आधी दिसली असती तर पाय रोवून घट्ट उभा राहिलो असतो. त्यानं फरक पडला असता का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी तुमच्या भावाचं बघू, बाकीचं नंतर. एक्स-रेत हाडं दिसतात; लिगामेंट आणि गुडघ्यातली गादी दिसत नाही. पाय टेकल्यावर गुडघा आत कलंडणं हे बहुतेक वेळा आतल्या बाजूचं लिगामेंट सैल झाल्याचं किंवा तुटल्याचं लक्षण असतं. अस्थिरोगतज्ज्ञ पाय हातात धरून, गुडघा हलकेच बाजूला दाबून ते ताडतात. एमआरआयमध्ये ते स्पष्ट दिसतं. तोवर त्या पायावर भार देऊ नका आणि कुणाकडूनही चोळून घेऊ नका.

सूज कधी आली हेही डॉक्टरांना आठवून सांगा. धडकेनंतर तास-दोन तासांतच गुडघा फुगला असेल तर सांध्यात बहुधा रक्त साचलेलं असतं. रुग्णाला उताणं झोपवून बाजूनं काढलेल्या एक्स-रेत कधी कधी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या अंगाला एक सरळ आडवी रेघ दिसते. ती रक्तावर तरंगणाऱ्या चरबीची असते. ही चरबी हाडाच्या आतल्या मगजातून आलेली असते. म्हणजे हाडाची फट फिल्मवर दिसो न दिसो, कुठंतरी ते चिरलेलं आहे. एवढ्या एका रेघेवरून पुढची तपासणी ठरते, म्हणून सुजलेल्या गुडघ्याचा नुसता समोरून काढलेला एक्स-रे पुरेसा मानू नये.

आता गुडघाच का, ते पाहू. टेप घेऊन दारातल्या मोटारीचा बंपर जमिनीपासून मोजा आणि मग स्वतःचा गुडघा मोजा. दोन्ही आकडे अर्ध्या मीटरच्या आसपास येतील. शिवाय रस्ता ओलांडणारा माणूस गाडीला पाठ किंवा छाती देत नाही, कूस देतो. म्हणजे बंपर येतो तो गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर. गुडघा मागे दुमडायला बनलेला आहे, बाजूला वाकायला नाही.

मांडीवर ठेवून ऊस मोडताना काय होतं ते आठवा. दोन्ही टोकं हातात धरलेली, मधे गुडघ्याचा रेटा. रेट्याच्या बाजूला ऊस चेंगरतो आणि पलीकडची साल ताणून फाटते. धडकेत पायाचं हेच होतं. मधला रेटा बंपरचा असतो. वरचं टोक धरून ठेवतं ते धडाचं वजन, कारण ते जिथल्या तिथं राहू पाहतं. खालचं टोक धरतं ते पाऊल, स्वतःच्या वजनानं आणि थोडंफार जमिनीच्या पकडीनं. मग बाहेरच्या बाजूला मांडीचं हाड नडगीच्या हाडाच्या माथ्यावर आदळतं आणि तो माथा खचतो, तर आतल्या बाजूची फट उघडून तिथलं लिगामेंट तुटतं. रेटा तरीही संपला नाही, तर सांध्याच्या मधोमध एकमेकांवर फुली मारून असलेल्या दोन लिगामेंटांची पाळी येते. खचलेल्या माथ्याचं हे दुखणं मोटारीइतकंच जुनं आहे म्हणा ना. कॉटन आणि बर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ मध्येच त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं तेही मोटारीच्या पुढच्या पत्र्यावरून, 'फेंडर फ्रॅक्चर'.

शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्या कोल्हापूरकरांना गुडघ्याची दुसरी दुखापत चांगली माहीत आहे. पाऊल मैदानात रुतलेलं, अंग गर्रकन वळलं, कुणी स्पर्शही केला नाही आणि पोरगं खाली बसलं. तिथं आधी जातं ते मधलं पुढचं लिगामेंट, कारण तिथं पीळ बसतो. मोटारीच्या धडकेत पीळ दुय्यम; बाजूनं वाकणं आणि सांध्यातली हाडं एकमेकांवरून सरकणं हे दोन मुख्य घाव. यानुश कायझर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन घाव एकमेकांपासून सोडवून तपासले. पुढं १९९० च्या दशकात त्यांनी ताशी ४० आणि २० किलोमीटर अशा दोन्ही वेगांना प्रयोग केले. मृत्यूनंतर देहदान केलेल्यांच्या पायांवर झालेल्या अशा प्रयोगांतूनच गुडघा कुठं हार मानतो हे आपल्याला कळलं. त्या दात्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

तुमच्या भावाचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण त्याच प्रश्नानं संशोधकांनाही छळलं आहे. मृतदेहाच्या स्नायूंत ताण नसतो. जिवंत माणसाच्या असतो. मग प्रयोगातला गुडघा आणि रस्त्यावरचा गुडघा सारखाच तुटेल का? २००७ मध्ये आयआयटी दिल्लीच्या अनुराग सोनी, अनूप चावला आणि सुदीप्त मुखर्जी यांनी उभ्या पादचाऱ्याचा पाय स्नायूंसकट संगणकावर उभा केला आणि त्याला बाजूनं धडक दिली. स्नायू आवळलेले असले की लिगामेंटवरचा ताण कमी होतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे भावाचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे.

अडचण वेळेची आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. बंपर लागल्यापासून सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शात गुडघ्याचा निकाल लागलेला असतो. डोळ्यांनी पाहून पाय आवळायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. गाडी आधी दिसलीच, तर तो वेळ पाय रोवण्यात घालवू नये, बाजूला होण्यात घालवावा.

'फार वेगात नव्हती' यावरही दोन शब्द. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. तीसच्या जागी पन्नासनं जाणारी गाडी पावणेतीन पट ऊर्जा घेऊन येते. महाद्वार रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर तीससुद्धा मला जास्तच वाटतो. देशात २०२२ मध्ये ३२ हजारांहून अधिक पादचारी रस्त्यावर गेले. गुडघा गमावून घरी आलेल्यांची तर त्यात गणतीच नाही.

एक गोष्ट सर्वांनीच ध्यानात ठेवावी. मार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर बसला, तर सांधा उलट दिशेला उघडतो आणि बाहेरच्या अंगानं जाणारी नस ताणली जाते. मग पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटं फरफटतात. आणि गुडघ्याच्या मागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी दुखावली, तर पाऊल गार आणि फिकट पडतं. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका. पाय आहे त्या स्थितीत फळीला बांधा, ओढून सरळ करू नका आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. पाय वाचवायला हाती मोजकेच तास असतात.

प्रश्न : आमच्या जीपला पुढं लोखंडी गार्ड बसवलाय. म्हैस आडवी आली तरी गाडी वाचते. मग त्याला बंदी का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : वरच्या उत्तरातच याचं कारण आहे. हल्ली बंपरच्या प्लॅस्टिकमागं फोमसारखा दबणारा थर असतो आणि खाली, नडगीच्या पातळीला, आणखी एक पट्टी असते. ही खालची पट्टी नडगीला गुडघ्याबरोबरच पुढं ढकलते, त्यामुळे सांधा कमी वाकतो. कृत्रिम पाय ताशी ४० किलोमीटर वेगानं बंपरवर सोडून तो किती वाकला हे मोजतात. आपल्याकडच्या एआयएस-१०० मानकातही ही चाचणी आहे आणि नव्या मॉडेलना ती ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली.

तुमचा गार्ड या सगळ्यावर पाणी फिरवतो. फोम मागं राहतो आणि पायाला भेटतो तो अरुंद, न दबणारा पाइप. लहान मुलाच्या बाबतीत तर वरचा पाइप छातीला किंवा डोक्याला लागतो. शिवाय गार्ड थेट चासीला जोडलेला असल्यानं धडकेचा धक्का भलत्या वाटेनं जातो आणि एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. तो तुमच्याच जिवाला. केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं सांगून राज्यांना कारवाई करायला कळवलं. म्हैस आडवी येते त्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. गार्ड उतरवताना नुसते पाइप काढून थांबू नका. चासीला बोल्टनं बसवलेले, पुढं आलेले ब्रॅकेटही फिटरकडून काढून घ्या, कारण त्यांची उंचीही गुडघ्याएवढीच असते.