हप्त्याच्या नावाने येणारी फाईल : शेतकऱ्यांची सायबर सुरक्षा

पीएम-किसान सन्मान निधी योजनेत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. महाराष्ट्रात २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेतून तेवढ्याच रकमेची भर पडते. हप्त्याचा काळ शेतकऱ्यास ठाऊक असतो, तसा तो भामट्यांनाही ठाऊक असतो. ‘पीएम किसान’ असे नाव दिलेली, शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असलेली फाईल व्हॉट्सॲपवर फिरवून फसवणूक केली जाते.

फसवणुकीची पद्धत

ही फाईल यादी वा अर्ज नसून मोबाईलमध्ये स्थापित होणारे ॲप असते. स्थापित होताना ते लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते. ती मिळताच बँकेचा ओटीपी शेतकऱ्याने कोणालाही न सांगता भामट्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून ‘ओटीपी सांगू नका’ एवढाच उपदेश येथे अपुरा ठरतो.

व्हॉट्सॲप खाते भामट्याच्या ताब्यात गेल्यास तीच फाईल ओळखीच्या गटांतही पाठवली जाते. कृषी सहायक किंवा गटप्रमुखाच्या क्रमांकावरून आलेली फाईल शेतकरी निःशंकपणे उघडतात. विस्तार कार्यकर्त्याने वर्षानुवर्षे कमावलेला विश्वासच अशा वेळी भामट्याचे भांडवल होतो.

प्रतिबंधक उपाय

- शेतकरी गटात एपीके फाईल कोणीही पाठवू नये व आलेली उघडू नये, हा नियम सर्वांना सांगावा. प्रमुखाच्या क्रमांकालाही तो लागू असावा.
- ई-केवायसी अधिकृत संकेतस्थळावर, सामायिक सुविधा केंद्रात किंवा प्ले स्टोअरवरील शासकीय ॲपद्वारेच करावी.
- यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकल्यास पैसे खात्यातून जातात.
- बोटाच्या ठशांचा गैरवापर टाळण्यासाठी आधारची बायोमेट्रिक माहिती लॉक करण्याची सोय वापरावी.

फाईल उघडली गेल्यास

मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे. दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला कळवून खाते व यूपीआय सेवा थांबवावी. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लखनऊ छावनी परिसर असो वा महाराष्ट्रातील एखादे खेडे, हा क्रमांक देशभर एकच आहे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती गोठवता येण्याची शक्यता राहते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे असते. म्हणून संकोचापोटी केलेला विलंब महाग पडतो. फसलेल्या शेतकऱ्यास दोष न देता त्याच्याकडून प्रथम तक्रार नोंदवून घेणे, हेही विस्तारकार्यच होय.