मांडीला पट्टा बांधण्याआधी

रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे मी जिमच्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. गोळीचं नाव, मात्रा, सगळं. हे आधीच सांगते, कारण नंतर मला तोंडावर ऐकवण्यात आलं, ‘मॅडम, तुम्ही बीपीचं काही बोललाच नाहीत.’

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू वाळला होता आणि जड वजन उचलायला सर्जनची मनाई होती. अशा माणसाला बीएफआर, म्हणजे ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, रक्तप्रवाह अडवून करायच्या व्यायामाबद्दल ऐकून आशा वाटणारच. मांडीच्या वरच्या टोकाला पट्टा आवळायचा, जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या २०-३० टक्केच वजन घ्यायचं, आणि तरी स्नायू भरतो. यात खोटं काही नाही. जपानच्या योशिआकी सातो यांनी १९६०च्या दशकापासून हे स्वतःच्या शरीरावर करून बघितलं, १९७३ मध्ये स्कीइंग करताना पाय जायबंदी झाला तेव्हा त्यावरच भिस्त ठेवली, आणि पुढे ही पद्धत जगभरच्या फिजिओथेरपीत आली. पद्धतीवर माझा राग नाही. ‘वजन कमी, म्हणजे हृदयावर ताणच नाही’ या वाक्यावर आहे, आणि ते छातीठोकपणे सांगणाऱ्यावर आहे.

ट्रेनरने दोन्ही मांड्यांना इलॅस्टिकचे बँड बांधले. किती घट्ट, तर ‘दहापैकी सात वाटलं पाहिजे’. लेग एक्स्टेन्शनवर आधी ३० रेप्स, मग १५, १५, १५. पहिल्याच सेटला मांड्या पेटल्या. ते होणारच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या सेटनंतर थांबले तेव्हा कानात ठोके ऐकू यायला लागले, आणि बसून राहिले तरी ते कमी होईनात. मानेपासून कपाळापर्यंत डोकं जड झालं. पायांकडे बघितलं तर बँडखालची कातडी जांभळट पडलेली. मी म्हटलं, ‘अहो, जरा सोडा हे.’ त्याचं लक्ष मोबाइलच्या टायमरवर. ‘मॅडम, सोडलं तर इफेक्ट जातो. पंप आलाय, मस्त आहे.’ पुन्हा सांगितलं, तर ‘अजून दोनच सेट’. शेवटी मीच वाकून बँड ओढून काढले. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी. तो तोवर दुसऱ्या मेंबरकडे वळला होता.

इमारतीच्या तळमजल्यावर दवाखाना आहे. कठडा धरून जिना उतरले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पंप दाबला आणि घड्याळासारख्या त्या तबकडीवर नजर रोखून हळूहळू हवा सोडली. १८२ वर १०८. एरवी माझा रक्तदाब गोळीवर १३०-८० च्या आसपास असतो. पण मला खरा धक्का आकड्याचा बसला नाही. दंडाला मिनिटभर पट्टा आवळायचा, तर शिकलेला डॉक्टर काट्यावरून नजर हलवत नाही. आणि वर जिममध्ये, मांडीच्या रक्तवाहिन्यांवर, कितीतरी जास्त वेळ, व्यायाम चालू असताना पट्टा आवळला होता, आणि तिथे काटाच नव्हता! दाब किती, हे त्या ट्रेनरला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. नुसतं ‘दहापैकी सात’.

मग मी वाचायला बसले. मांडी आवळली की शिरांतून वर जाणारं रक्त पायात अडकतं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. दुसरीकडे, काम करणाऱ्या स्नायूत आम्लं साचतात. तिथल्या बारीक नसा मेंदूला कळवतात की इथे रक्त पुरत नाही. मेंदू मग बाकीच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि दाब चढवतो. आलम आणि स्मर्क या संशोधकांनी हे १९३७ मध्येच दाखवलं होतं: व्यायाम थांबला, पण पट्ट्याने रक्त अडवून ठेवलं, तर चढलेला दाब उतरत नाही. म्हणजे विश्रांतीतही माझ्या कानातले ठोके का कमी होईनात याचं उत्तर तेव्हापासून छापलेलं आहे.

जड वजनाने दाब याहून जास्त चढतो, असं ट्रेनर म्हणेल, आणि ते खरं आहे. १९८५ मध्ये कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना दाब सरासरी ३२० वर २५० पर्यंत गेला होता. पण शेवटची रेप संपली की काही सेकंदांत तो खाली आला. पट्टा बांधलेला असेल तर ही उसंत मिळत नाही. शिवाय तेवढंच हलकं वजन पट्ट्याशिवाय उचललं तर दाब इतका चढत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांत ही प्रतिक्रिया मुळातच तीव्र असते, आणि हृदयविकार असलेल्यांनी यात फार जपावं, असा इशारा २०१५ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या अमेरिकन नियतकालिकात अभ्यासकांनी उघडपणे दिला होता. ज्यांच्या हातात दुसऱ्याच्या मांडीचा बँड असतो, त्यांनी एवढं वाचणं ही फार मोठी अपेक्षा आहे का?

मॅनेजरला भेटले. आधी ‘नाश्ता केला नसेल’, मग ‘झोप झाली नसेल’, मग ते फॉर्मवालं वाक्य. फॉर्म काढायला लावला. फाइलमध्ये जसाच्या तसा होता, माझ्या अक्षरातल्या गोळीच्या नावासकट. तेव्हा तो म्हणाला, ‘ट्रेनरपर्यंत पोहोचला नसेल.’ फी परत मिळाली नाही. एक महिना वाढवून देतो म्हणाले. माफीचा शब्द त्या ट्रेनरच्या तोंडून आजतागायत ऐकलेला नाही.

तुमच्यापैकी कुणी हे करणार असेल, तर पहिला प्रश्न एकच विचारा: माझ्या मांडीचा पूर्ण प्रवाह किती दाबाला थांबतो, हे तुम्ही मोजणार आहात का? डॉप्लरने ते मोजता येतं. त्या दाबाच्या ४० ते ८० टक्के एवढाच दाब व्यायामात ठेवायचा असतो. माझी आताची फिजिओथेरपिस्ट प्रत्येक पायाचं वेगळं मोजते, पट्टा माझ्या अंगावर असताना आणि मी ज्या स्थितीत व्यायाम करणार त्याच स्थितीत, आणि खालच्या टोकापासून सुरुवात करते. ‘आम्ही सगळ्यांना २०० लावतो’ असं कुणी म्हटलं, तर उठून या. अरुंद पट्ट्याला तोच प्रवाह अडवायला रुंद पट्ट्यापेक्षा बराच जास्त दाब लागतो, जाड मांडीला बारीक मांडीपेक्षा जास्त. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही, आणि नुसत्या इलॅस्टिकला तर आकडाच नसतो.

रक्तदाब असेल तर दोन सेटच्या मध्ये पट्टा सैल करून घ्या. फायदा थोडा कमी होईल, होऊ दे. एका व्यायामाला पट्टा पाच ते दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पुढच्या व्यायामाआधी पूर्ण सोडावा. श्वास रोखू नका. मी रेप्स मोठ्याने मोजते, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. पट्टा सोडल्यावर लगेच उभं राहू नका. डॉक्टरांना विचारा, पुरेसं पाणी प्या, घाई करू नका, हे तर आहेच. पायात पूर्वी गुठळी झाली असेल, व्हेरिकोज व्हेन्स असतील, गरोदरपण असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर जिममध्ये कुणालाही पट्टा बांधू देऊ नका, मग तो जपानचं नाव घेवो की अमेरिकेचं.

नाकाजिमा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जपानमधल्या १०५ केंद्रांतली, साडेबारा हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. कातडीखाली रक्त साकळण्याचा त्रास १३ टक्क्यांना झाला होता, तर शिरेत गुठळी ०.०५५ टक्क्यांना. म्हणजे धोका क्वचित. पण ती सगळी शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखालची केंद्रं होती, आपल्या कोपऱ्यावरची जिम नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर ‘स्नायू दुखावला असेल’ म्हणणाऱ्या ट्रेनरचं ऐकू नका, पायाला मालिश तर अजिबात नको, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी चहासारखी काळपट झाली, तरीही तेच.