शंका-समाधान : बार उचलणं आणि उचलायला शिकवणं

शंका : वय ४१, इचलकरंजीत सहकारी बँकेत कॅशियर आहे. तीन वर्षांपूर्वी पती गेले. झोप उडाली होती, भावानं हट्टानं जिमला घातलं. रिकाम्या बारलाही हात थरथरायचे, आज ८० किलोचा डेडलिफ्ट मारते. मनही घट्ट झालंय. नोकरी सोडून ट्रेनर व्हावं म्हणते. वेडेपणा आहे का?

समाधान : ताई, वेडेपणा नाही, घाई आहे.

सुरुवातीला ताकद वाढते ती स्नायू फुगल्यामुळे नव्हे. मज्जासंस्था आहेत तेच स्नायूतंतू जास्त संख्येनं, एकदम कामाला लावायला शिकते. म्हणून आरशात काही दिसत नसतानाही वजन चढतं. दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट, की चाळीसाचे साडेबेचाळीस. दुःखात असलेल्या माणसाला आपण पुढे सरकतोय याचा इतका रोकडा हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळतो. (कॅशियरला तर तो पटणारच!) लोखंडानं दुःख हलकं केलं असं मात्र मी म्हणणार नाही. झोप पुन्हा उडाली, तर डॉक्टरांकडे जायचं; प्लेटा वाढवायच्या नाहीत.

मन घट्ट होतं ते फसलेल्या वजनांमुळे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानूच्या सहा प्रयत्नांपैकी एकच वैध ठरला. क्लीन अँड जर्कचे तिन्ही वाया गेले आणि नावापुढे एकूण वजनच लागलं नाही. पुढच्याच वर्षी ती १९४ किलो उचलून जगज्जेती झाली. टोकियोत २०२ किलोंवर रौप्य. मधला काळ नुसत्या जिद्दीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात तंत्राची रोजची, कंटाळवाणी दुरुस्ती जास्त दिसते.

प्रशिक्षकाचं काम हीच दुरुस्ती, पण दुसऱ्याच्या अंगावर. साठीच्या बाईंची टाच स्क्वॉटमध्ये उचलली जाते. घोटा आखडलाय, की पडायची भीती आहे? आखडला असेल तर टाचेखाली पातळ प्लेट सरकवा. भीती असेल तर मागे स्टूल ठेवून त्यावर बसा-उठायला लावा. डेडलिफ्ट बाजूला उभं राहून बघा. बार पावलाच्या मध्यावरून बोटांकडे सरकला, की कंबरेवरचा ताण वाढतो. सूचना एका वेळी एकच द्या. तुमचे ८० किलो इथे कामाला येत नाहीत. थरथरणारे हात आठवले तर येतील.

नोकरी ठेवा. सकाळच्या बॅचला वर्षभर सहायक म्हणून उभ्या राहा, सीपीआर शिका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. जानेवारीत भरलेली बॅच लग्नसराईत ओस पडते, हेही धरून चाला. रजोनिवृत्तीनंतर हाडं झिजू लागतात, तेव्हा बायकांना वजनं उचलण्याची खरी गरज असते आणि त्यांना शिकवणारी बाई सहसा सापडत नाही. तुमची जागा तिथे आहे.

शंका : डेडलिफ्टनंतर कळ कंबरेतून पायात उतरते. ट्रेनर म्हणतो, सहन कर, कणखर होशील. (वय २६, मिरज)

समाधान : तुमच्या शेजारच्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कोपर दुखावल्यावरही शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. वजन गेलं नाही, सुवर्ण एका किलोनं हुकलं. तिथे पदक पणाला होतं. तुमच्या गल्लीतल्या जिममध्ये काय आहे? स्नायू ठणकणं वेगळं, पायात उतरणारी कळ वेगळी. डेडलिफ्ट आजपासून बंद, या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पाय बधिर झाला, त्यातली ताकद गेली किंवा लघवीला त्रास झाला, तर त्याच दिवशी. आणि ट्रेनर बदला.