गटफोटोतील टोकाचा मुलगा



मोबाइलवर पाहताना वर्गाच्या गटफोटोत सगळे दिसतात. तोच फोटो छापून आला की कधी कधी टोकाचा मुलगा अर्धाच उरतो. हा यंत्राचा दोष नव्हे. गणितात आपण शिकतो त्या गुणोत्तराचाच हा प्रश्न आहे.

पूर्वी ३५ मि.मी. रोलवर उमटणारे चित्र ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद असे, म्हणजे ३:२. चार बाय सहा इंची कागदाचे गुणोत्तरही ३:२. त्यामुळे चित्र जवळजवळ पूर्ण छापले जाई. पुढे छोटे डिजिटल कॅमेरे आले. त्यांतील बहुतेकांचे चित्र त्या काळच्या संगणकाच्या पडद्याप्रमाणे ४:३ असे. आज बहुतेक मोबाइलमध्येही साधा फोटो ४:३ असाच निघतो. कागद बदलला नाही, म्हणून चित्र कापावे लागते.

समजा, फोटो ४००० × ३००० ठिपक्यांचा आहे.

१) ४ × ६ कागद (३:२) : उंची २६६७ ठिपके उरते. वरून-खालून मिळून नववा भाग जातो. मागच्या रांगेची डोकी किंवा पुढची इयत्तेची पाटी धोक्यात येते.

२) ८ × १० कागद (५:४) : रुंदी ३७५० उरते. सोळावा भाग जातो. रांगेत १६ मुले कडेपासून कडेपर्यंत असतील, तर दोन्ही टोकांची मुले अर्धी कापली जातात.

३) ६ × ८ कागद (४:३) : काहीच कापावे लागत नाही.

काय करावे?

फोटो काढतानाच चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी. छापायला देण्यापूर्वी मूळ फोटो तसाच ठेवून त्याच्या प्रतीवर क्रॉप करावे. जागाच नसेल, तर कडेला पांढरी पट्टी ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगावे.

पालकांनाही एक विनंती. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या पिढीतील शिक्षकांचे, कार्यकर्त्यांचे गटफोटो बेळगाव-निपाणी भागात कोणाच्या घरी असतील, तर त्यांची प्रत काढताना खालची नावांची पट्टी कापू नये. ‘बसलेले, डावीकडून’ असे मोजूनच आपण माणसे ओळखतो. डावीकडचा पहिला कापला गेला, की पुढच्या प्रत्येकाला शेजाऱ्याचे नाव मिळते. फोटो राहतो, पण ओळख चुकते.

स्वाध्याय : ६००० × ४००० ठिपक्यांचा फोटो ८ × १० कागदावर छापायचा आहे. रुंदीतील किती ठिपके जातील? रांगेत कडेपासून कडेपर्यंत १८ मुले असतील, तर किती मुलांएवढी जागा जाईल?

उत्तर : १००० ठिपके, ३ मुलांएवढी.