टँकरचे इंजिन तापते तेव्हा

उन्हाळ्यात टंचाईग्रस्त गावाला पाणी पुरविणारा टँकर चढावर तापून बंद पडला, की ‘गॅस्केट गेले’ असे निदान तत्काळ केले जाते. परंतु पंख्याचा सैल पट्टा, तुंबलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांमुळेही इंजिन तापते. म्हणून हेड उतरविण्याचा खर्च करण्यापूर्वी परीक्षा आवश्यक ठरते.

सिलिंडर ब्लॉक व हेड यांमधील हेड गॅस्केट ज्वलनाचे वायू, पाणी व वंगण तेल यांना एकमेकांत मिसळू देत नाही. ते फुटल्यास बाहेर गळती नसताना पाणी घटते, धुराड्यातून सतत पांढरी वाफ निघते किंवा तेल दुधाळ होते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे टोपण काढून मग इंजिन सुरू करावे. पाण्यात अखंड बुडबुडे आल्यास संशय बळावतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी भरल्यास तो दृढ होतो. तापलेल्या रेडिएटरचे टोपण मात्र कदापि उघडू नये.

दुरुस्तीत केवळ गॅस्केट बदलणे पुरेसे नसते. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी व फीलर गेजने तपासावा. वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केटही टिकत नाही. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, उत्पादकाने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. तेल व फिल्टर बदलावेत. इंजिन तापण्याचे मूळ कारण दूर न करता टँकर रस्त्यावर आणणे म्हणजे गावाचे पाणी पुन्हा वाटेतच अडविणे होय.