समजलं की नाही, हे तपासून घ्या

आमच्या आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच गेलं. हातापायाची काळजी सगळ्यांनी घेतली. व्यायाम शिकवले गेले, काठी आणली गेली. बोलण्याबद्दल मात्र दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती : ‘बोलणं कमी, सूचना पाळतात.’ ती ओळ अर्धवट होती आणि उरलेला अर्धा भाग आम्हाला महागात पडला. ज्यांच्या घरी असा रुग्ण नुकताच परतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तीनपैकी एकाला वाचाघात होतो. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. मेंदूच्या, बहुतेकांत डाव्या बाजूच्या, भाषा सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली असते. जीभ जड होऊन उच्चार बोबडे होतात, तो प्रकार वेगळा. वाचाघातात शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, वाचन-लेखन अडतं आणि ऐकलेलं समजण्यातही कमी-जास्त घोटाळा होतो. बुद्धी शाबूत असू शकते. आमचं हार्डवेअरचं दुकान. एक शब्द धड निघत नसताना आप्पा डाव्या हाताच्या चिमटीत पत्रा धरून गेज ओळखायचे आणि हलका माल बाजूला सारायचे.

त्यामुळे ‘आप्पांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही’ हे घरात, गल्लीत, बाजारात पक्कं झालं. त्यात एक ते दहा आकडे ते घडाघडा म्हणायचे, हरिपाठही सुरू करून दिला की पुढे चालवायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, ‘झालं की बरं!’ पण तोंडपाठ आकडे, अभंग, शिव्या हे सगळं आपोआप येणारं बोलणं. ते शिल्लक राहतं आणि तोच माणूस पाणी मागू शकत नाही.

एक दिवस दुकानापुढे टेम्पो उभा राहिला. पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, वर्षभर संपणार नाही एवढा माल. पुरवठादाराच्या माणसानं घरच्या फोनवर आप्पांना विचारलं होतं : ‘मागच्यासारखंच पाठवू ना? जरा जास्त टाकू? भाव तोच धरू?’ आप्पांनी प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो’ म्हटलं होतं. तो म्हणाला, ‘मालकांनी स्वतः होकार दिलाय.’ त्याचंही चूक म्हणता येईना. माल परत घेताना त्यानं भाडं आमच्या माथी मारलं.

त्यानंतर गाठलेल्या स्पीच थेरपिस्टनं कोडं उलगडलं. तिनं टेबलावर कुलूप, किल्ली आणि पेन मांडलं, स्वतःचे हात मांडीवर ठेवले, नजर आप्पांच्या चेहऱ्यावरच ठेवली आणि म्हणाली, ‘आप्पा, आधी पेन द्या, मग किल्लीला हात लावा.’ आप्पांनी किल्ली उचलून दिली आणि हसून ‘हो’ म्हणाले. मग तिनं विचारलं, ‘तुमचं नाव दत्तात्रय का?’ उत्तर ‘हो’. ‘तुमचं नाव महादेव का?’ तरीही ‘हो’. वॉर्डात ‘हात वर करा’ म्हणताना बोलणारा स्वतःचाही हात वर करतो. घरी आम्ही ‘जेवायला चला’ म्हणताना ताटाकडे बघतो. आप्पा शब्दांवर कमी आणि खाणाखुणा, नजर, वेळ यांवर जास्त चालत होते. फोनवर यातलं काहीच नसतं.

म्हणून पहिली गोष्ट : पूर्ण तपासणी मागून घ्या. तिच्यात किमान सहा बाजू हव्यात. स्वतःहून बोलणं, ऐकून समजणं, ऐकलेलं पुन्हा म्हणणं, वस्तूंची नावं सांगणं, वाचणं आणि लिहिणं. ‘वेस्टर्न अफेजिया बॅटरी’ ही जगभर वापरली जाणारी चाचणी यातल्या पहिल्या चार बाजूंवरून १०० पैकी गुण काढते, ९३.८ पेक्षा कमी म्हणजे वाचाघात. पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. दोघांची बेरीज सारखी येते, पण एकाचं समजणं कच्चं असतं आणि दुसऱ्याचे शब्द अडलेले असतात. दोघांचे उपचार वेगळे. तपासणी रुग्णाच्या रोजच्या भाषेत व्हावी. आप्पांना आधी एका ठिकाणी हिंदीतून प्रश्न विचारले गेले होते. त्या गुणांत वाचाघात किती आणि हिंदीची सवय नसणं किती, हे कोण सांगणार? घरात दोन-तीन भाषा चालत असतील तर तसं आधीच सांगा, कारण सगळ्या भाषा सारख्याच बिघडतील किंवा सारख्याच सुधारतील असं नसतं. चष्मा आणि कानाचं यंत्र बरोबर न्या. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. गावात कोणी नसेल तर मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा नायर रुग्णालयात चौकशी करता येते. पुढचे वर्ग व्हिडिओ कॉलवरही घेतले जातात.

दुसरी गोष्ट उपचारांच्या तासांची. ‘आठवड्यातून एकदा अर्धा तास आणून बसवा’ यानं फारसं साधत नाही. २०१६ साली ५७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा स्पीच थेरपीचा फायदा होतो हे दिसलं. तास वाढवले की फायदा वाढू शकतो, पण मध्येच सोडून जाणारेही वाढतात. २०२२ च्या एका मोठ्या विश्लेषणात सर्वाधिक सुधारणा दिसली ती एकूण २० ते ५० तास उपचार मिळालेल्यांत, आणि आठवड्यातून तीन ते पाच दिवस थेरपी असलेल्यांत. मात्र झटक्यानंतर लगेचच भडिमार करून उपयोग नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या चाचणीत पहिल्या काही आठवड्यांत जास्तीची थेरपी दिलेले रुग्ण नेहमीची थेरपी मिळालेल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. सुरुवात लवकर करा, पण रुग्ण थकला की थांबा.

आमच्या थेरपिस्टनं सरावाचे शब्द आम्हालाच निवडायला सांगितले. छापील तक्त्यातले सफरचंद, जिराफ बाजूला ठेवून आम्ही बिजागरी, कोयंडा, पाना, वॉशर यांचे फोटो काढले आणि त्यांत नातवंडांची नावं घातली. आप्पांच्या तोंडून ‘बिजागरी’ आला, ‘चहा’ त्यानंतर बऱ्याच काळानं. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २७८ जणांच्या अभ्यासात रुग्णांनी स्वतः निवडलेल्या शब्दांचा घरी संगणकावर सराव करून घेतला. ते शब्द चांगले सुधारले, पण रोजच्या संभाषणात फरक पडला नाही. यातून घ्यायचं ते एवढंच, की पाठ केलेला शब्द आपोआप गप्पांत उतरत नाही. त्याला कामाला लावावं लागतं. आम्ही ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं, ‘आप्पांकडेच मागा आणि उत्तराची वाट बघा.’

घरात बोलताना टीव्ही बंद ठेवा. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला. आवाज चढवू नका, अडचण कानात नाही. शब्द अडला की लगेच तोंडात कोंबू नका. वेळ द्या, मग पहिलं अक्षर सुचवा. ‘काय खाणार?’ ऐवजी भाकरी आणि भात दोन्ही दाखवा. होकाराची खातरजमा उलट्या प्रश्नानं करा : ‘पाठवू ना?’ला हो आलं, तर थोड्या वेळानं ‘नको ना?’ विचारा. दोन्हीला ‘हो’ आलं तर तो होकार धरू नका. हा नियम बँकेच्या कागदांना, वाटणीपत्रांना आणि ऑपरेशनच्या संमतीला तर हवाच. व्यापाऱ्यांना, नातेवाइकांना हे लेखी कळवा. फोनवरचा शब्द चालणार नाही, हे आम्ही पुरवठादारांना बिलबुकावर शिक्का मारून सांगितलं.

रुग्ण गप्प गप्प राहू लागला, जेवण तुटलं, तर वाचाघात म्हणून सोडून देऊ नका. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि बोलता न येणाऱ्याचं ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्यांनी भरून द्यायची प्रश्नावली असते, डॉक्टरांकडे तिचा विषय काढा. वाचाघात कायमचा राहिला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा नावानिशी उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ असं कोणी म्हटलं तर पुन्हा तपासणी मागा. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्याला सहा महिने किंवा जास्त काळ उलटलेल्या १५६ जणांपैकी ज्यांना किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा जास्त थेरपी मिळाली, त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. थांबून राहिलेल्यांचं तसंच राहिलं. आधीचा रिपोर्ट बरोबर न्या. नवे गुण त्याच्या शेजारी ठेवून सहापैकी कोणती बाजू हलली आणि कोणती अडून बसली ते थेरपिस्टला विचारा, आणि पुढचे तास अडलेल्या बाजूवर लावायला सांगा.